डॉक्टर तुमच्यासमोर मोबाइल का बघतात?

गेल्या पावसाळ्यात भांडुपच्या माझ्या दवाखान्यात एक आजी आपल्या सव्वापाच महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. सोबत बाळाची आई. दोन दिवस जुलाब, अंगात कणकण. बाळाला तपासलं. जीभ ओली होती, रडताना डोळ्यांत पाणी येत होतं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर बसत होती. म्हणजे अंगातलं पाणी फारसं कमी झालेलं नव्हतं. ओआरएस लिहून दिलं, अंगावरचं दूध चालू ठेवा म्हणून सांगितलं आणि झिंकचा डोस लिहिण्याआधी मोबाइल उघडला. आजी सुनेच्या कानाशी लागून, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगो, हेंका म्हायत नाय काय? मोबायलात बघतत!"

हा प्रश्न त्या आजींचा एकटीचा नाही. तपासता तपासता डॉक्टरने स्क्रीनकडे पाहिलं की अनेकांच्या मनात पाल चुकचुकते. एवढं शिकून यांना औषध शोधावं लागतं? मग आम्ही घरीच गुगल केलं असतं की! शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर नीट द्यायला हवं.

मी त्या दिवशी काय बघत होते? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये सांगितलं होतं की जुलाब झालेल्या बाळाला १० ते १४ दिवस झिंक द्यावं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यावरच्यांना २०. हे मला पाठ आहे. पण २०२० मध्ये दिल्ली आणि टांझानियात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ४,५०० मुलांवर झालेल्या चाचणीत दिसलं की त्याहून कमी डोसही तेवढाच उपयोगी पडतो आणि मुलं उलट्याही कमी करतात. म्हणजे या डोसवर अजून काम चालू आहे. माझ्या डोक्यातला आकडा आजही चालतो का, आणि या वयाच्या बाळाला चालतो का, एवढंच मी पडताळत होते.

वीस वर्षं भांडुपहून सीएसएमटीला जाणारा माणूस घ्या. कुठल्या डब्यात चढलं की दादरला जिन्यासमोर उतरता येतं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. तरीही रविवारी घराबाहेर पडण्याआधी तो लोकलच्या वेळा सांगणारं एम-इंडिकेटर ॲप उघडतो, कारण आजचा मेगाब्लॉक कुठे आहे ते वीस वर्षांचा अनुभव सांगत नाही. त्याला रस्ता माहीत नाही असं कुणी म्हणतं का?

पुरावा म्हणजे नेमकं काय?

या पद्धतीला पुराव्यावर आधारलेलं वैद्यक म्हणतात. हा शब्दप्रयोग १९९१ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गायट यांनी रूढ केला. पुढे १९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची व्याख्या मांडली. तिचं सार असं, की उपलब्ध असलेला उत्तम पुरावा, डॉक्टरचं स्वतःचं कौशल्य आणि समोरच्या पेशंटची परिस्थिती व इच्छा, या तिन्हींचा मेळ घालून निर्णय घ्यायचा. यातली तिसरी गोष्ट आम्ही डॉक्टर फार पटकन विसरतो.

आता "शेजारच्या काकांना या गोळीने गुण आला" हा पुरावा का नाही? कारण सर्दी आठवड्यात तशीही बरी होते. बहुतेक व्हायरल ताप तीन-चार दिवसांत आपणहून उतरतो. तिसऱ्या दिवशी इंजेक्शन घेतलं, चौथ्या दिवशी ताप उतरला, श्रेय इंजेक्शनला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. फांदी कावळ्याच्या वजनाने मोडली की ती आधीच कुजलेली होती, हे एका झाडाकडे बघून कळत नाही.

ते कळण्यासाठी सारखे आजारी असलेले दोन गट लागतात. एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही, किंवा वेगळं द्यायचं. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरने ठरवायचं नाही, पेशंटनेही नाही. म्हाडाच्या सोडतीसारखं. नाव निघेल तसं. डॉक्टरने निवड केली तर तो नकळत धडधाकट माणसांना नवं औषध देईल आणि औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल. चिठ्ठी टाकली की तरुण-म्हातारे, गरीब-श्रीमंत, चिकट आजाराचे आणि साध्या आजाराचे, सगळे दोन्हीकडे साधारण सारखे वाटले जातात. शेवटी फरक उरलाच तर तो औषधाचा.

दहा बाय दहाच्या खोलीतला टीबी

अशा चाचणीचं मला सर्वांत प्रिय उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एक काळ असा होता की टीबी झाला म्हणजे माणसाला घराबाहेर काढून सॅनेटोरियममध्ये ठेवायचं, मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी, महिनोन् महिने. मुंबईकरांना शिवडीचं टीबी रुग्णालय त्यासाठीच ठाऊक. डॉक्टरांची ठाम समजूत होती की कोंदट खोलीत राहणारा, अर्धपोटी माणूस घरी बरा होणार नाही आणि सोबतच्या सगळ्यांना आजार देऊन जाईल. तर्काला धरूनच होती ती.

१९५६ मध्ये मद्रासमध्ये एक टीबी केंद्र सुरू झालं. त्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद हे सगळे होते. तिथे गरीब वस्तीतल्या पेशंटांना चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागलं. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी. औषधं दोघांना तीच, वर्षभर. घरी राहिलेल्यांचं जेवण कमी प्रतीचं, जागा अपुरी, कामंही लवकर सुरू झालेली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. घरी राहिलेले पेशंट जवळपास तेवढेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरातल्या माणसांना सॅनेटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त टीबी झालेला नव्हता. खरं काम नियमित औषधाचं होतं.

या एका निष्कर्षाने जगभरचे उपचार बदलले. चाळीतला कमावता माणूस घरी राहून, मुलांच्या डोळ्यांसमोर राहून बरा होऊ शकतो, हे सिद्ध झालं. तर्कावर विसंबून राहिलो असतो तर खाटांची वाट बघत किती माणसं गेली असती, या विचाराने मला आजही गलबलून येतं.

एवढं सगळं वाचणार कोण?

पबमेड नावाची वैद्यकीय लेखांची एक मोफत ऑनलाइन सूची आहे. तिच्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि दर वर्षी दहा लाखांहून अधिक भर पडते. म्हणजे दिवसाला अडीच हजारांच्या वर. दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ मिळून साठ-सत्तर पेशंट बघणाऱ्या डॉक्टरने हे वाचावं अशी अपेक्षाच चुकीची.

म्हणून गाळण्या लागतात. पहिली गाळणी म्हणजे पद्धतशीर आढावा. एका प्रश्नावर जगात झालेल्या सगळ्या चाचण्या शोधायच्या, आवडत्या-नावडत्या दोन्ही, त्यांचा दर्जा तपासायचा आणि आकडे एकत्र करायचे. मिक्सर घेताना एका मैत्रिणीला न विचारता अख्ख्या सोसायटीला विचारावं, आणि ज्यांचा मिक्सर जळला त्यांना तर आठवणीने विचारावं, तसं. १९९३ मध्ये सुरू झालेली कॉक्रेन ही संस्था हेच काम करते.

तिच्या बोधचिन्हात सात आडव्या रेघा आहेत. दिवस भरण्याआधी प्रसूती होणार असेल तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात का, या प्रश्नावरच्या त्या सात चाचण्या. पहिली १९७२ मधली. बहुतेक चाचण्या एकेकट्या लहान, त्यामुळे ठाम काही सांगता येईना. सगळ्या एकत्र केल्यावर बाळांचे मृत्यू कमी होतात हे स्वच्छ दिसलं, पण तो आढावा यायला १९८९ उजाडलं. मधल्या सतरा वर्षांत उत्तर जगात होतं, सात ठिकाणी विखुरलेलं. बहुतेक प्रसूतितज्ज्ञांपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

आयसीएमआरने २००७ मध्ये कॉक्रेनचं संपूर्ण ग्रंथालय भारतातल्या प्रत्येकासाठी मोफत खुलं केलं. डॉक्टरांसाठीच नव्हे, तुमच्या-माझ्यासाठी. दुसरी गाळणी म्हणजे मार्गदर्शक सूचना. आयसीएमआरनेच २०१९ पासून एकेका आजारावर एकेका पानाचे उपचार-तक्ते काढलेत. काय तपासायचं, कुठलं औषध, मोठ्या रुग्णालयात कधी पाठवायचं, सगळं एका पानावर, मोबाइल ॲपमध्येही. अपटुडेटसारखे वर्गणी भरून मिळणारे ज्ञानकोशही आहेत, पण लहान दवाखान्याला ते परवडत नाहीत.

धारावीतले ६३ उपचार

मोठ्या रुग्णालयात अवघड केस असली की चार सीनियर एकत्र बसतात. गल्लीतला डॉक्टर एकटा असतो. चुकलं तर हटकणारं कुणी नाही, नवं सांगायला येतो तो औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, म्हणजे एमआर.

याचा परिणाम मुंबईतच मोजला गेलाय. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धारावीतल्या शंभर खासगी डॉक्टरांना टीबीचा उपचार लिहायला सांगितला. ८० वेगवेगळे उपचार निघाले. २०१० मध्ये डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. १०६ डॉक्टर, ६३ उपचार, आणि बरोबर चिठ्ठी लिहिणारे फक्त ६. टीबीसारखा आजार, ज्याची औषधं आणि कालावधी सरकारने छापून दिलेला आहे! २०१८ च्या आणखी एका अभ्यासात टीबीची लक्षणं सांगायला शिकवलेल्या माणसांना मुंबई आणि पाटण्यातल्या खासगी दवाखान्यांत पेशंट म्हणून पाठवलं. सुमारे ३५ टक्के भेटींतच योग्य पाऊल उचललं गेलं.

या डॉक्टरांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांच्यासारखीच मी आहे. कॉलेज सुटल्यावर आम्हाला कुणी विचारलंच नाही की शेवटचं नवं काय शिकलात. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद पाच वर्षांत पुढच्या शिक्षणाचे ३० क्रेडिट तास मागते. ते हॉटेलच्या हॉलमध्ये भाषणं ऐकूनही भरतात. सोमवारी सकाळी समोर खोकणारा माणूस बसल्यावर त्या भाषणातलं काय हाताशी येतं, हा खरा सवाल आहे.

शिकवायचं काय? प्रश्न विचारायला

मी आठवड्यातून दोन दिवस एका आरोग्य केंद्रात इंटर्न मुलामुलींना शिकवते. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक छोटी वही आणायला सांगते. पेशंट तपासताना मनात आलेला आणि उत्तर नक्की माहीत नसलेला प्रश्न त्यात टिपायचा.

वही कशाला? २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा दिसलं, की डॉक्टरच्या मनात साधारण दर दोन पेशंटांमागे एक प्रश्न येतो. त्यातल्या जवळपास निम्म्या प्रश्नांचा तो पिच्छाच करत नाही. पण ज्यांचा करतो, त्यांतल्या ७८ टक्क्यांची उत्तरं त्याला मिळतात! उत्तरं आहेत. शोधायला बसणं होत नाही, एवढीच अडचण.

दुसरी पायरी प्रश्न धारदार करण्याची. एका इंटर्नने लिहिलं होतं, "डायबिटीसला मेटफॉर्मिननंतर काय द्यावं?" हे शोधायला गेलं तर हजार पानं उघडतात. मी विचारलं, पेशंट कोण होता? पन्नाशीचा रिक्षावाला. मग त्याच्या बाबतीत सर्वांत मोठी भीती कशाची? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "रिक्षा चालवताना शुगर एकदम उतरली तर?" झाला प्रश्न तयार. मेटफॉर्मिन चालू असलेल्या माणसाला ग्लिमेपिराइड या नेहमीच्या गोळीऐवजी ग्लिप्टिन गटातली गोळी दिली तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी होतो का? पेशंट कोण, काय द्यायचं, कशाच्या तुलनेत, आणि कशासाठी. चार भाग पक्के झाले की उत्तर पाच मिनिटांत सापडतं. सापडलंही. हो, धोका बराच कमी होतो. मग तिनेच पुढचा प्रश्न काढला, त्याला परवडेल का? २०१९ च्या अखेरीस याच गटातल्या विल्डाग्लिप्टिनचं पेटंट संपल्यावर ती गोळी खूप स्वस्त झाली आहे. हेही शोधूनच कळलं.

इथे एक कबूल केलं पाहिजे. ऑनलाइन म्हटलं की शिक्षण आपोआप चांगलं होतं, असं मुळीच नाही. २००८ मध्ये दोनशे अभ्यास एकत्र करून झालेल्या आढाव्यात दिसलं की इंटरनेटवरून शिकवल्याने काहीच न शिकवण्याच्या तुलनेत खूप फायदा होतो, पण नेहमीच्या वर्गाशी तुलना केली तर फारसा फरक पडत नाही. तासभराचं भाषण फळ्यासमोर ऐका नाहीतर स्क्रीनवर, झोप दोन्हीकडे येते. ऑनलाइन साधनांची ताकद वेगळी आहे. पेशंट समोर असताना, प्रश्न ताजा असताना ती हाताशी असतात.

"मग अनुभवाला काहीच किंमत नाही?"

खूप आहे. बाळाची कातडी चिमटीत धरून पाणी किती कमी झालंय ते ओळखणं, आई काही लपवतेय हे तिच्या बोलण्यावरून कळणं, हे कुठल्याही ॲपमध्ये नाही. पण अनुभवाला काही गोष्टी दिसतच नाहीत.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी लहान मुलांना तापासाठी निमेसुलाइड लिहायची. ताप झपकन उतरायचा, आया खूश. माझ्या अनुभवाप्रमाणे ते उत्तम औषध होतं. पण यकृताला होणारी इजा हजारोंत एखाद्यालाच होते. माझ्या एकटीच्या दवाखान्यात ती वर्षानुवर्षं दिसणारच नाही, आणि दिसली तरी मी म्हणेन कावीळ झाली. देशोदेशींच्या नोंदी एकत्र केल्यावरच ती दिसते. भारतात २०११ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी आली. ती चिंता त्याआधी कितीतरी वर्षं छापून येत होती. मी वाचली नव्हती. ते मला आजही लागतं.

"परदेशातला पुरावा आपल्याला कसा चालेल?"

हा सर्वांत चांगला आक्षेप आहे. घसा दुखण्याचं घ्या. कॉक्रेनचा आढावा सांगतो की अँटिबायोटिक न घेताही शंभरातले ८२ जण आठवड्यात बरे होतात, आणि घेतलं तर दुखणं सरासरी १६ तासांनी लवकर थांबतं. लंडनच्या डॉक्टरने यावरून "गरज नाही" म्हटलं तर ते बरोबर. पण आपल्याकडे घशातल्या एका विशिष्ट जिवाणूमुळे मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात. हा आजार तिकडे जवळपास संपलाय, इकडे नाही. म्हणून आठ-दहा वर्षांच्या मुलाला ताप असेल, टॉन्सिलवर पू असेल, गळ्याच्या गाठी दुखत असतील आणि खोकला नसेल, तर मी अँटिबायोटिकचा विचार करते. तिशीतल्या माणसाला सर्दी-खोकल्यासोबत घसा धरला असेल तर देत नाही. आकडे तेच, माणूस वेगळा.

दुसरं उदाहरण आपल्या पावसाचं. पाणी तुंबलं की लेप्टोच्या भीतीने लोक केमिस्टकडे डॉक्सिसायक्लिन मागतात. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पनामाच्या जंगलात सरावाला गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांपैकी अर्ध्यांना दर आठवड्याला ही गोळी दिली. गोळी घेणाऱ्यांत एकाला लेप्टो झाला, न घेणाऱ्यांत २० जणांना. जबरदस्त फरक. पण तीन आठवडे चिखलात वावरणारा सैनिक आणि मुंबईत हिंदमाताला एकदा गुडघाभर पाण्यातून गेलेला माणूस सारखे नाहीत. पुढे सगळ्या चाचण्या मिळून पाहिल्यावर कॉक्रेनने फायदा अस्पष्ट आणि मळमळ-उलटी मात्र नक्की असं म्हटलं. म्हणून डॉक्टर विचारतात, पायाला जखम होती का, किती वेळा पाण्यात गेलात, गरोदर आहात का. प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरवर चिडू नका आणि ही गोळी आपल्या मनाने घेऊ नका.

आणि पुरावा आपल्या मातीतलाही असतो. झारखंडमध्ये टीबी पेशंटच्या घरच्यांना पोषक शिधा दिला तर त्यांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झालं, हे २०२३ मध्ये जगासमोर आलं. भात आणि डाळ. औषधाइतकंच ताकदीचं.

"गुगल आम्हीही करतो" आणि एआय

करा, पण कुठलं पान उघडलंय ते बघा. लिहिलं कुणी, शेवटचं सुधारलं कधी, पैसा कुणाचा, आणि लिहिणारा स्वतःच्या खात्रीबद्दल काय म्हणतो. चांगल्या स्रोतांत प्रत्येक विधानामागचा पुरावा भक्कम आहे की लंगडा हे लिहिलेलं असतं. जाहिरातीत ते कधीच नसतं.

माझे इंटर्न आता एआयला विचारतात. मी मनाई करत नाही. मात्र ते उत्तर सफाईदार असतं, आणि चूक असलं तरी तितकंच सफाईदार असतं. कधी तर अस्तित्वात नसलेल्या लेखाचा हवाला देतं. म्हणून नियम एकच ठेवलाय. डोस असेल तर मूळ पान उघडून, स्वतःच्या डोळ्यांनी वाचून, मगच चिठ्ठीवर लिहायचा.

त्या दिवशी मी आजींकडे स्क्रीन वळवली आणि वयाची ओळ मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवून आकडा बघितला, मान हलवली आणि विचारलं, "आणि पाणी दिवचा तो चमचो खयचो? ल्हान की मोठो?" ते त्या पानावर नव्हतं. मी खणातला औषधाचा लहान चमचा काढला, सुनेच्या हातात दिला आणि बाळाला कडेवर थोडं उभं धरून मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा कसा सोडायचा ते दाखवलं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा, अजून हळू. बाळाने चौथा चमचा चाटून पुसून घेतला तेव्हा आजी खुर्चीत नीट टेकून बसल्या.